पाइकसाठी भारी काठी

मासे धरायच्या रॉडवर, मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. काठीची लांबी किती, ताकद किती, केवढ्या वजनाचं आमिष तिला झेपेल आणि दोरी कोणती लावायची, हे सगळं त्या एका ओळीत असतं. ती ओळ वाचायला शिकण्यात मी तीन आठवडे घालवले. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांचं तीन शब्दांचं वाक्य मात्र मला धड ऐकू आलं नाही.

२००६च्या मार्चमध्ये आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले, तेव्हा बाबांच्या उजव्या हाताचं दुखणं घरात सगळ्यांना माहीत झालेलं होतं. दुखणं म्हणायचं, पण दुखत काही नव्हतं. आधी शर्टाची बटणं लागेनाशी झाली, मग कपातला चहा बशीत सांडायला लागला, मग अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग आत बसला. मुंबईच्या डॉक्टरांनी हाताला सुया टोचून तपासण्या केल्या आणि सांगितलं, नसांचा आजार आहे, हळूहळू पसरत जाईल, औषध नाही. बाबा पस्तीस वर्षं गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर काय बोलतात ते आणि काय बोलायचं टाळतात तेही त्यांना कळायचं. तपासणीहून बाहेर आल्यावर ते आईला म्हणाले होते, "हे काही मिक्श्चरने जाणारं नाही."

आमचं गाव अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडावर. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणं. आठवडाभर मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, चूर्णाच्या पुड्या बांधायच्या आणि रविवारी सकाळी गरवायला जायचं, हा बाबांचा नेम. काठी नाही, चक्री नाही. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला दोरा, टोकाला गरी आणि गरीला कोळंबी. दोरा उजव्या हाताच्या तर्जनीवरून सोडलेला असायचा. मासा आमिषाला नुसतं तोंड लावतो तेही त्या बोटाला समजतं, असं ते म्हणत. मी बरोबर असलो की माझं बोटही दोऱ्यावर ठेवायचे. मला कधी काहीच समजलं नाही. समजतंय असं मी खोटं सांगायचो, आणि ते त्यांना बरोबर समजायचं.

आमच्या घरात एक जुनी थट्टा होती, ती इथे सांगायला हवी. मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो आणि हॉस्टेलवरून 'भारी' हा शब्द घेऊन आलो. सिनेमा भारी, मिसळ भारी, मास्तर भारी. बाबांना त्या शब्दाची गंमत वाटायची. त्यांच्या आयुष्यात वजन म्हणजे पितळी तराजूतली वजनं. मी काहीही भारी म्हटलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "किती ग्रॅम?" अमेरिकेतली नोकरी लागली तेव्हा मी फोनवर ओरडून सांगितलं होतं, "बाबा, भारी कंपनी आहे!" तेव्हाही पलीकडून तेच आलं होतं, "किती ग्रॅम?"

तर, मार्चमध्ये ते आले. न्यू जर्सीत अजून थंडी होती. आई आणि माझी बायको दिवसभर घरात काही ना काही करत असायच्या, बाबा मात्र खिडकीशी बसून पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघत. बायकोला ते बघवेना. तिने लायब्ररीतून त्यांच्यासाठी माशांच्या चित्रांचं एक जाड पुस्तक आणलं. पुस्तक इंग्रजी, पण मासे ओळखायला भाषा लागत नाही. बाबा डाव्या हाताने पानं उलटत दोन दिवस त्या पुस्तकात होते. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा पुस्तक एका पानावर उघडं ठेवून ते माझी वाटच बघत होते.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

तो पाइक होता. लांबलचक, हिरवट अंगावर फिके ठिपके, आणि सपाट जबड्यात मागे वळलेल्या दातांच्या रांगा.

"अंगाने आपला जिताडा, तोंडाने मगर," बाबा म्हणाले. जिताडा म्हणजे आमच्या खाडीचा राजा. "हा इकडे मिळतो?"

मी शोधून सांगितलं, मिळतो, तासाभराच्या ड्राइव्हवर एक मोठा तलाव आहे, त्यात सोडलेत. बाबा थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकदा जोरात ओढ लागली पाहिजे रे हाताला. हात आहे तोवर." इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

त्या काळात मी काय काय करून बसलो होतो ते सांगितलं पाहिजे. दोन मोठ्या हॉस्पिटलांत फोन केले होते. चाचण्यांमध्ये नवीन औषध देतात म्हणून एका ठिकाणी फॉर्म भरला होता. उत्तर आलं की पाहुणे म्हणून आलेल्यांना घेत नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्सवाल्या बाईने मला अतिशय गोड आवाजात 'आधीपासूनचा आजार' या शब्दांचा अर्थ समजावून दिला होता. बाबांच्या हाताचं मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. आणि इथे एक गोष्ट अशी आली होती, जी मला करता येण्यासारखी होती. मी तिच्यावर तुटून पडलो.

मासे धरणाऱ्यांचे इंटरनेटवर अड्डे असतात, तिथे मी रोज वाचत बसायला लागलो. पाइक मोठ्या आमिषाला येतो. आमिष म्हणजे कोळंबी नव्हे, ल्युअर. लाकडाचा किंवा रबराचा खोटा मासा, शंभर ग्रॅम वजनाचा, पोटाला तीन तीन गळ लावलेला. तो फेकायचा आणि ओढत आणायचा, पुन्हा फेकायचा, दिवसभर. एवढं वजन फेकायचं तर काठी आठ फुटी हवी आणि सगळ्यांत वरच्या ताकदीची. रील ढोलकीसारखं गोल, दणकट. दोरी विणलेली, आणि तिच्या टोकाला वीतभर लोखंडी तार, कारण दोरी हा मासा दाताने कापतो. मी एक्सेल शीट बनवली. डाव्या बाजूला काठ्या, वर रिलं, मध्ये मार्क. बायको मागे उभी राहून म्हणाली, "अरे, तू रॉड घेतोयस की सर्व्हर?"

एका रविवारी मी लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवून बाबांना सगळं समजावून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं. खोट्या माशाला खरा मासा फसतो याचं त्यांना नवल वाटलं. म्हणाले, "म्हणजे इथले मासेपण जाहिरातीला भुलतात." मग शीटवरच्या रांगांकडे बघत म्हणाले, "हलकी बघ रे."

हेच ते तीन शब्द.

आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण ते शब्द माझ्या कानांत नवे नव्हते. जन्मभर ऐकलेले होते. दिवाळीला आईची साडी भारीतली, माझा शर्ट भारीतला, आणि स्वतःची वेळ आली की बाबा दुकानदाराला म्हणायचे, "मला हलक्यातलं दाखवा." चपला हलक्या, छत्री हलकी, घड्याळ हलकं. हलकं म्हणजे स्वस्त, कमअस्सल, आपल्यापुरतं चालून जाईल असं. हा माणूस इथे माझ्या घरी, माझ्या पगारावर, या दुखण्यात, तरीसुद्धा स्वतःसाठी हलकी बघ म्हणतोय, याने मला गलबलून आलं. आणि थोडा रागही आला. मी म्हटलं, "बाबा, हलकं-बिलकं आता काही नाही. एकदाच घ्यायची तर भारीच घेऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक काही बोलणार होते. पण मी इतक्या जोरात बोललो होतो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि त्यांनी विषय सोडून दिला. माझा उत्साह मोडायचा नाही, हा त्यांचा माझ्या लहानपणापासूनचा नियम होता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दुकानात गेलो. हायवेच्या कडेला बैठं दुकान, दारात जिवंत गांडुळांचा फ्रिज आणि आत छतापर्यंत काठ्या. मालक साठीचा, जाडजूड, दोन्ही पंजांवर गळांचे जुने ओरखडे. मी खिशातून एक्सेलचा प्रिंटआउट काढला, तेव्हा त्याने तो डोळे बारीक करून वाचला आणि विचारलं की रॉड कोणासाठी. मी म्हटलं, वडिलांसाठी. त्याने बाबांकडे पाहून मान लववली. बाबांनीही लववली. दोघंही आयुष्यभर काउंटरमागे उभे राहिलेले, त्यांची ओळख तेवढ्यात पटली असावी.

"पूर्वी धरलेत का त्यांनी मोठे मासे?" त्याने विचारलं.

"आयुष्यभर," मी म्हटलं. हाताचं मी बोललो नाही. का नाही बोललो, याचं उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते चांगलं नाही. बाबा शेजारी उभे होते, त्यांच्यासमोर कोणा परक्याला त्यांचा हात कमजोर आहे असं सांगायची मला लाज वाटली. लाज त्यांच्यासाठी वाटली असं मी स्वतःला सांगितलं.

तो आत गेला आणि माझ्या यादीतली पहिल्या नंबरची काठी घेऊन आला. काळी, आठ फुटी. तिच्यावर त्याने गोल रील बसवलं. रिलाचं हँडल उजवीकडे होतं. फिरवायचा हात कोणता, हे मी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही, कारण त्याच्याकडे येणारे सगळे तसंच नेत असत. मग तो म्हणाला, "त्यांच्या हातात देऊन बघा."

बाबांनी काठी घेतली. डावा हात पुढे धरून, उजव्याच्या मनगटावर मूठ टेकवून त्यांनी ती पेलली. छताच्या दिव्याकडे शेंडा करून एक क्षण स्थिर धरली. मग खाली करत माझ्याकडे वळून म्हणाले, "भारी आहे रे."

मला केवढा आनंद झाला काय सांगू! वीस वर्षं ज्या शब्दाची त्यांनी थट्टा केली, तो माझा शब्द आज त्यांच्या तोंडून आला होता. मी हसत विचारलं, "किती ग्रॅम?"

ते हसले. दुकानदाराला वाटलं काहीतरी घरगुती विनोद झाला, म्हणून तोही हसला. मी कार्ड पुढे केलं.

निघताना त्याने एक गोष्ट सांगितली, ती मी बाबांना गाडीत मराठीतून सांगितली. पाइक आमिषाच्या मागे मागे येतो, कित्येकदा अगदी पायाशी येईपर्यंत. हल्ला करतो तो बहुतेक वेळा आमिष थांबतं तेव्हा. म्हणून ओढता ओढता मध्येच थांबायचं. बाबा म्हणाले, "मांजर तसंच करतं." मासे धरायची लायसन्सही आम्ही तिथेच काढली होती. ती शर्टाच्या बाहेर दिसतील अशी लावायची असतात. बाबांनी आपलं लायसन्स त्या दिवसापासूनच कोटाला लावून ठेवलं, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं.

आठवडाभर मी संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये फेकण्याची प्रॅक्टिस केली. या रिलाचं एक आहे. फेकताना अंगठ्याने फिरकीला अलगद दाबून धरलं नाही तर दोरी आतल्या आत भसकन सुटते आणि तिचा गुंता होतो. असले गुंते मी रोज तीन-चार करायचो आणि बाबा ते पायरीवर बसून सोडवायचे, डाव्या हाताने आणि दातांनी. मी म्हणायचो राहू द्या, मी करतो. ते म्हणायचे, "तू भारी काम कर, हे हलकं काम माझं." मला तेव्हाही काही उमगलं नाही. स्वतःवर चिडायला लागलो की मला हे वाक्य आठवतं.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं तलावावर गेलो. आईने पोळीच्या गुंडाळ्या आणि थर्मासभर चहा दिला होता. ऊन होतं पण वारा बोचरा, आणि काठाला जुन्या गवताचा चिखल. पाण्यात हात घालून बाबा म्हणाले, "गोडं पाणी, वास नाही. आपली खाडी दुरूनच सांगते मी आले म्हणून."

ठरलं असं की मी फेकायचं आणि त्यांनी ओढत आणायचं. मी ल्युअर फेकला, लांब पडला, मी काठी त्यांच्या हातात दिली. मूठ पोटाला टेकवून, डाव्या हाताने काठी उचलून धरून, ते उजव्या हाताने हँडल फिरवायला लागले. बोटांत ते पकडता येत नव्हतं. म्हणून तळव्याने ढकलून फिरवत होते, जात्याच्या खुंट्याला बायका तळहात लावतात तसं. चार फेरे झाले की थांबायचे. मला वाटलं, दुकानदाराचं ऐकून थांबतायत.

"जमतंय ना?" मी विचारलं.

"जमतंय."

पाच-सहा वेळा झालं. दहा वेळा झालं. त्यांच्या डाव्या खांद्याला कंप सुटलेला मला दिसला. मी म्हटलं, थोडं बसू या. ते म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झालाय, एवढंच. टाक अजून एकदा." मी हसलो. म्हण आवडली म्हणून हसलो, आणि टाकला अजून एकदा.

वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं. ल्युअर अर्ध्यावर आला असेल, तेव्हा चष्मा पुसायला त्यांनी काठी उजव्या हातात घेतली. डाव्याने चष्मा काढला. ल्युअर थांबला.

पुढचं सगळं दोन श्वासांत झालं. पाण्यात एक मोठी हिरवी कूस वळलेली दिसली, काठीचा शेंडा खाली गेला आणि काठी त्यांच्या हातातून निघून गेली. पडली नाही, निघून गेली. मासा ओढेल तशी दोरी थोडी सुटावी म्हणून रिलाला ब्रेक असतो. तो मीच घट्ट आवळून ठेवला होता, कारण पाइकच्या हाडाच्या जबड्यात गळ रुतवायचा तर झटका बसायला हवा असं मी वाचलं होतं. मी गुडघाभर पाण्यात धावलो. पाणी इतकं गार होतं की पायांना ते आधी भाजल्यासारखंच वाटलं. काठीचं बूड काही हात अंतरावर एकदा वर आलं, तिरकं झालं आणि गेलं. मी अजून दोन पावलं टाकली तर पाणी कमरेला आलं. बाबा मागून ओरडले, "परत ये! काठीसाठी जातोस काय खोल पाण्यात!"

मी परत आलो. बाबा तिथेच उभे होते. डाव्या हातात चष्मा, आणि उजवा हात पुढे केलेला, काठी अजून त्यात असल्यासारखा. बोटं उघडी होती. ते त्या बोटांकडे बघत होते. मी आयुष्यात त्यांना रागावलेलं पाहिलंय, दमलेलं पाहिलंय, पण स्वतःच्याच हाताकडे असं परक्यासारखं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा तो हात धरला. गार होता.

"लागला होता," ते म्हणाले. "मोठा होता." मग जरा वेळाने, "बिचारा आता ती काठी घेऊन हिंडेल."

"बाबा, आपण दुसरी घेऊ. उद्याच घेऊ. याहून चांगली."

"मी तुला म्हटलं होतं ना, हलकी बघ म्हणून."

"अहो, पैशांचं काय घेऊन बसलात..."

"पैसे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरोखरच न कळल्यासारखं. "पैशांचं कोण बोलतंय? हलकी म्हणजे हलकी. वजनाला. दुकानातही म्हटलं की तुला, भारी आहे. मला वाटलं, तू विचार करूनच घेतोयस. एवढं वाचलंयस."

मी गाडीत हीटर लावून ओले मोजे काढत बसलो, तेव्हा मला रडू आलं. बाबा थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते, डाव्या हाताने, थोडा सांडत. त्यांनी चहा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "पी. थंडी बाधेल." लहानपणी ताप आला की ते औषध पुढे करायचे, तेव्हाचाच तो आवाज होता.

घरी आईने विचारलं, काठी कुठे आहे. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "चक्री अडकत होती. दुकानात दुरुस्तीला टाकली." आईला ते खरं वाटलं. बायकोला वाटलं नाही. आम्ही दोघंच असताना तिने मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तू त्यांना एकदा प्रॉपरली विचारलं का नाहीस?" मी माशाबद्दल विचारलं होतं, दोरीबद्दल विचारलं होतं, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांना विचारलं होतं.

दुसरी काठी घ्यायला मी उद्याच म्हटलं होतं. पण सोमवारी ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख अलीकडे आली आणि दोन वीकेंड त्यात गेले. मग मी विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे रे. एक ओढ लागली ना." मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी पाऊस होता. मग ऊन वाढलं. उन्हाळ्यात पाइक काठ सोडून खोल पाण्यात जातो, हे मी वाचलेलं होतंच. जूनमध्ये बाबांनी चमचा डाव्या हातात घेतला. ऑगस्टमध्ये आईने त्यांची बटणं लावणं सोडून त्यांना गोल गळ्याचे टी-शर्ट घालायला सुरुवात केली. मी रोज सकाळी ऑफिसला जाताना हे पाहायचो आणि रोज संध्याकाळी येऊन पाहायचो, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कोणाच्या तरी सर्व्हरमधल्या चुका दुरुस्त करायचो. सप्टेंबरमध्ये ते दोघं परत गेले. एअरपोर्टवर बाबांच्या कोटाला ते लायसन्स अजून लावलेलं होतं. मी काढायला गेलो तर म्हणाले, "असू दे, गावात दाखवीन."

मला लगेच मागोमाग जाता आलं नाही. ग्रीन कार्डचे कागद अडकले होते, आणि त्या अवस्थेत देश सोडला तर परत यायची खात्री नसते. हे सगळं कायद्याने बरोबर होतं. फोनवर बाबांचा आवाज दर महिन्याला थोडा थोडा जड होत गेला. पुढे पुढे ते काय म्हणतात ते आई सांगायची.

२००८च्या जानेवारीत जायचं नक्की झालं, तेव्हा मी त्याच दुकानात गेलो. मालकाने मला ओळखलं. विचारलं, "मिळाला का मग वडिलांना?"

"लागला होता," मी म्हटलं. "सुटला."

या वेळी माझ्याकडे कागद नव्हता. मी म्हटलं, तुमच्याकडे असेल ती सगळ्यांत हलकी द्या. त्याने साडेपाच फुटांची, दोन तुकड्यांत निघणारी एक काठी दाखवली. बोटाएवढी बारीक, आणि रील लिंबाएवढं. हातात घेतली तर घेतल्यासारखीच वाटेना. तो म्हणाला, "याने पाइक नाही यायचा हं." मी म्हटलं, मला पाइक नकोच आहे. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण मला त्याच्या काउंटरपाशीच आठवली होती. तरी मी ती काठी घेतली.

मी गावी पोचलो तेव्हा बाबा पडवीत खुर्चीवर बसलेले होते. पाठीला उशी, गळ्याशी टॉवेल. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, कोणीतरी आणून ठेवल्यासारखे. मला पाहून त्यांचे डोळे हसले. मी काठी जोडली, दोरी ओवली आणि ती काय आहे, कुठून आणली ते सांगितलं. त्यांनी हनुवटीने खूण केली, दे म्हणून. मी त्यांचा उजवा हात उलटा केला, काठीची मूठ तळव्यावर ठेवली आणि एकेक बोट तिच्याभोवती मिटवलं. तर्जनी शेवटी मिटवली. मी हात काढून घेतला तशी बोटं पुन्हा उघडली आणि काठी नुसती त्यांच्या तळहातावर पडून राहिली.

ते तिच्याकडे बराच वेळ बघत होते. आई आत गेली. मग बाबा बोलले. जीभ जड झालेली होती, शब्द एकमेकांत मिसळत होते, पण मला नीट समजलं.

"भारी आहे रे."

जुन्या सवयीने 'किती ग्रॅम' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते मी गिळलं, आणि काठी लगेच त्यांच्या हातावरून उचलून घेतली.